चारी बाजूंनी समुद्र, मधे गोडं पाणी

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलात तर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी बघितल्याशिवाय परतू नका. कुरटे बेटावर १६६४ साली शिवरायांनी हा किल्ला बांधायला घेतला. भोवती खारा समुद्र, तरी या बावींचं पाणी गोडं!

यामागचं कारण फार सुंदर आहे. मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून जमिनीखाली ते त्याच्यावर तरंगतं. ढोबळ हिशोब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी. म्हणजे वरची पातळी जराशी उतरली, तरी खालून खारं पाणी कितीतरी वर चढतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीवर मोठा पंप सतत चालला की उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं, चहाची चव बिघडते, साबणाला फेस येत नाही. असं पाणी उकळून खारटपणा जात नाही.

तुमची विहीर किनाऱ्यालगत असेल तर पंप थोडा थोडा वेळच चालवा. आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीजवळ जिरवाच.