पक्ष सोडणे इतके अवघड का झाले?

१९५० च्या सुमारास अमेरिकेत कम्युनिस्ट असणे फार महागात पडत असे. नोकरी जाई, शेजारी तोंड फिरवीत, चौकशी समितीपुढे उभे राहावे लागे. कादंबरीकार हॉवर्ड फास्ट यांनी एका मदत समितीची कागदपत्रे देण्यास नकार दिला, म्हणून १९५० साली तीन महिने तुरुंग भोगला. पुढे त्यांची ‘स्पार्टाकस’ कोणी प्रकाशक छापेना. १९५१ साली त्यांनी ती स्वतःच छापली.

अशी ही जिद्दीची माणसे. फेब्रुवारी १९५६ मध्ये मॉस्कोत ख्रुश्चेव यांनी बंद दाराआड भाषण करून स्टालिनचे अत्याचार सांगितले. जूनमध्ये ते न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आले. जे आजवर शत्रूचा अपप्रचार म्हणून झटकले, ते आता खुद्द मॉस्कोच सांगत होती!

वाचकहो, आपण म्हणाल, मग राजीनामा द्यावा आणि घरी यावे. पण घरी म्हणजे कुठे? मित्र पक्षातले, लग्न पक्षात जमलेले, मुलांची उन्हाळी शिबिरेही त्याच गोतावळ्यातली. आपल्या बेटावर एखाद्याने मंडळ सोडले तर गणेश चतुर्थीला कोणाच्या घरी आरतीला जायचे, असा प्रश्न पडतो. तसेच हे. शिवाय बाहेर उभे होते ते छळणारेच. त्यांच्या हातावर टाळी कशी द्यायची? आणि ज्यापायी तुरुंग सोसला ते फुकट गेले, हे बायकामुलांना कोणत्या तोंडाने सांगायचे? आम्हांस वाटते, खरी गाठ इथेच होती. पदरचे काही गेले नसते तर सोडणे सोपे होते.

फास्ट यांनी १९५७ च्या फेब्रुवारीत पक्ष सोडल्याचे जाहीर केले. १९५३ साली त्यांना स्टालिन शांतता पारितोषिक देणाऱ्या सोव्हिएत देशातूनच मग त्यांच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. ‘डेली वर्कर’चे संपादक जॉन गेट्स स्पेनच्या युद्धात लढलेले, पक्षापायी तुरुंगात गेलेले. त्यांनी पक्ष आतून सुधारण्याची खटपट केली, ती फसली, आणि १९५८ च्या जानेवारीत तेही बाहेर पडले. त्याच महिन्यात ते दैनिक बंद झाले.

लॉस एंजेलिसच्या डोरोथी हीली मात्र राहिल्या. कॅलिफोर्नियाच्या मजुरांत त्यांनी १९३० च्या दशकापासून काम केले होते; ती माणसे टाकून जायचे कसे? १९६८ साली चेकोस्लोव्हाकियात रणगाडे शिरले तेव्हा त्यांनी उघड विरोध केला, तरी पक्ष सोडला तो १९७३ साली. भाषणानंतर सतरा वर्षांनी. कोणी याला भित्रेपणा म्हणेल, आम्ही म्हणणार नाही. समाजवाद तर त्यांनी पुढेही सोडला नाही.