मैदानात पाठवले, तरी मोबाइल का सुटत नाही?

मुलाला खेळायला लावले की मोबाइल आपोआप सुटतो, असा समज हुलसूरसारख्या गावापासून पुण्यासारख्या शहरापर्यंत आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

'स्क्रीन टाइम' (पडद्यासमोरचा वेळ) म्हणजे मोबाइल, टीव्ही, संगणक यांत जाणारा वेळ. शारीरिक हालचालीचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये 5 ते 17 वयासाठी दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या: रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल, आणि शिवाय करमणुकीच्या पडद्याला आळा. एक पाळले म्हणून दुसऱ्यात सूट नाही.

दिवस भरलेल्या बसच्या बाकासारखा असतो. नवा प्रवासी बसवायचा तर कुणाला तरी उठावे लागते. कोण, हे न ठरवल्यास बिचारी झोप उठते आणि मोबाइल खिडकीशी बसून राहतो.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने कोण उठणार, हे आधीच ठरवले. 2022 मध्ये तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. तो वेळ मुख्यतः अभ्यास-वाचनाचा, खेळाचा नव्हे. हुलसूरमध्ये हीच रीत संध्याकाळी थोडी लवकर, खेळासाठी आणता येईल: उन्हे उतरली की कबड्डी, लंगडी, खो-खो, आणि तेवढा वेळ मोबाइल घरात चार्जिंगला. मोठ्यांचेही.