मोजणे आणि ऐकणे



आदिवासी भागातील कामाला हातभार लावणाऱ्या मंडळींकडून साधारण दोन प्रकारची विचारणा होते. काही जण म्हणतात, "किती पाडे, किती मुले, किती रुग्ण, ते आकडे द्या." काही म्हणतात, "आकडे कोणाच्या लक्षात राहतात? एखाद्या कुटुंबाची हकिकत पाठवा, उपासनेनंतर वाचून दाखवू." दोन्ही मागण्या रास्त आहेत. विद्यापीठांत संशोधन करणारी विद्वान मंडळीही याच दोन बाजूंनी उभी असतात. त्यांनी नावे तेवढी भारदस्त ठेवली आहेत: संख्यात्मक पद्धत आणि गुणात्मक पद्धत. अहवाल हातात आला की त्यातल्या कशावर विसंबायचे हे ठरवायला या दोन पद्धतींची ओळख उपयोगी पडते.

संख्यात्मक पद्धत मोजते. प्रश्न आधी ठरलेले असतात, ते सर्वांना सारखेच विचारतात आणि उत्तरांची बेरीज करतात. किती, कुठे, कोणाला जास्त, कोणाला कमी, हे तिच्यातून कळते. गुणात्मक पद्धत ऐकते. ती थोड्याच माणसांबरोबर पुष्कळ वेळ बसते, बोलता बोलता प्रश्न बदलते, आणि लोक असे का वागतात, त्यांना स्वतःला काय वाटते, हे समजून घेते. अर्थशास्त्र आणि वैद्यक पहिलीकडे झुकतात, मानववंशशास्त्र आणि इतिहास दुसरीकडे. शिक्षणशास्त्र आणि आमचे समाजकार्य यांना दोन्हींशिवाय गत्यंतर नाही. व्याख्या एवढी पुरे. दोन्ही पद्धती हातात हात घालून कशा चालतात, हे एका पाळकाच्या कामातून फार चांगले दिसते.

१८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस लंडनमधील सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास, कॉलऱ्याची भयंकर साथ आली. थोड्याच आठवड्यांत ६०० हून अधिक माणसे दगावली. त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत की हा रोग घाणेरड्या हवेतून येतो. डॉ. जॉन स्नो यांना संशय पाण्याचा होता. त्यांनी मृत्यूंच्या नोंदी घेतल्या, कोणत्या घरात किती मेले ते पाहिले आणि साथ संपल्यावर ते नकाशावरही मांडले. मृत्यूंची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवती होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसे राहत होती, पण तिथे मेली फक्त ५. आश्रमाची स्वतःची विहीर होती. स्नो यांनी हे अधिकाऱ्यांपुढे ठेवले आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर उतरणीला लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिले आहे.

स्नो यांचे नाव आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच भागातील सेंट ल्यूक्स चर्चचे २९ वर्षांचे सहायक पाळक हेन्री व्हाइटहेड यांचे नाव मात्र मागे पडते. माझ्या मते हे बरोबर नाही. व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे पटलेच नव्हते. ते खोडून काढण्यासाठीच त्यांनी चौकशी सुरू केली. साथीच्या दिवसांत ते याच घरांमधून आजाऱ्यांच्या उशाशी बसले होते. कोण कुठल्या मजल्यावर राहतो, कोणाचा नातलग गाव सोडून गेला, हे त्यांना माहीत होते. एकाच घरी ते पुन्हा पुन्हा जात आणि दार उघडले जाई. अनोळखी डॉक्टरला हे जमले नसते.

त्यांच्या चौकशीत एक फार महत्त्वाची गोष्ट होती. स्नो यांनी मुख्यतः मेलेल्यांविषयी विचारले होते. व्हाइटहेड यांनी जिवंत राहिलेल्यांनाही विचारले: तुम्ही त्या पंपाचे पाणी प्यायलात का? पाणी प्यायलेल्या १३७ जणांपैकी ८० जणांना कॉलरा झाला होता, म्हणजे शेकडा ५८. न प्यायलेल्या २९७ जणांपैकी २० जणांना, म्हणजे शेकडा ७. खोडून काढायला निघालेल्या पाळकाच्या हाती स्नो यांचाच पुरावा आला, आणि त्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. संशोधक याला तुलना म्हणतात. तुलनेशिवाय आकडा मुका असतो. "आमच्या वर्गातील ८० मुले पास झाली" हे वाक्य वाचताना किती बसली होती आणि शेजारच्या गावात काय झाले, हे विचारायलाच हवे.

पण पंपाचे पाणी दूषित झाले कसे? हे आकड्यांतून कळत नव्हते. मृत्यूंच्या नोंदी चाळताना व्हाइटहेड यांना ४० नंबरच्या घरातील पाच महिन्यांच्या मुलीची नोंद दिसली. तिचा जुलाबाचा आजार साथ भडकण्याच्या आधी सुरू झाला होता. ते तिच्या आईकडे गेले. बाळाचे दुपटे धुतलेले पाणी आपण घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतत होतो, असे आईने सांगितले. खणून पाहिले तेव्हा तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला आणि मधले वीटकाम कुजलेले होते. शेकडो मृत्यूंच्या यादीने जिथपर्यंत आणले, तिथून पुढची वाट एका दुःखी आईच्या बोलण्याने दाखवली.

आता आपल्या राज्याकडे आणि आपल्या विषयाकडे येऊ. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत जे संशोधन केले, त्यात हीच दोन्ही अंगे दिसतात. डॉ. राणीताईंनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. शेकडा ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. याआधी अशी तपासणी कधी झालेल्या स्त्रिया फक्त शेकडा ८ होत्या. तोपर्यंत जगभर खेड्यातील बाईच्या आरोग्याचा विचार मुख्यतः बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढ्यापुरताच होत असे. या एका आकड्याने तो विचार हलवला. आणि तरीही हा आकडा मिळाला कसा? बायकांनी तपासणीला होकार दिला म्हणून. जो आजार नवऱ्यालाही सांगायचा नाही, तो कागद-पेन घेऊन आलेल्या परक्या माणसाला कोण सांगेल? आधी विश्वास लागतो, मोजणी नंतर.

दवाखाना बांधायच्या वेळी बंग दांपत्याने गोंड लोकांनाच विचारले की तुम्ही रुग्णालयात का येत नाही. मोठ्या इमारतींची भीती वाटते, नातलगांना जवळ राहू देत नाहीत, ही उत्तरे आली. आणखी एक उत्तर असे होते: तुमचे डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्यात गुंडाळतो. कोणत्याही प्रश्नावलीत "डॉक्टरांच्या कपड्यांचा रंग" हा रकाना नसतो. गुणात्मक पद्धतीचे बळ हेच, की जो प्रश्न आपल्याला सुचलाच नव्हता त्याचे उत्तर ती देते. शोधग्राममधील रुग्णालय मग आदिवासी गावासारखे, झोपड्यांच्या धर्तीवर उभे राहिले.

नवजात बालकांचे कामही असेच. १९९५-९६ मध्ये गावातल्याच शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन ७६३ नवजात बाळांची पाहणी केली. शेकडा ५४ बाळांना उपचारांची गरज होती. ती मिळाली शेकडा ३ हून कमी बाळांना. मग याच सेविकांना घरच्या घरी बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. काम ३९ गावांत केले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. १९९९ मध्ये निकाल छापला गेला: तुलनेच्या गावांशी ताडून पाहता पहिल्या महिन्यातील बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. जंतुदोष झालेल्या बाळांत आधी शेकडा १६ ते १७ दगावत होती, नंतर ३ हून कमी. आज आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे. तुलनेची ४७ गावे नसती, तर "पाऊस चांगला झाला, पीक चांगले आले, म्हणून बाळे वाचली" असे कोणीही म्हणू शकले असते.

मोजणे म्हणजे फक्त शिकलेल्यांचे काम, असेही समजू नये. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. बंग यांनी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे साधन केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मणी संपले आणि वाळू अजून पडतच असली, तर बाळ आजारी.

दोन्ही पद्धती फसवूही शकतात. लहान पाड्यांच्या आकड्यांबद्दल तर फार जपून राहावे लागते. समजा एका पाड्यावर वर्षात २० बाळे जन्मली आणि २ दगावली. हिशेबाने हजारी १०० मृत्यू झाले. पुढच्या वर्षी एकही दगावले नाही, म्हणून "बालमृत्यू शून्यावर आणला" अशी बातमी छापणे मला बरोबर वाटत नाही. दोन बाळांच्या फरकात दैवयोग किती आणि काम किती, हे सांगता येत नाही. त्यासाठी पुष्कळ गावे आणि काही वर्षे लागतात. हकिकतींचे दुखणे वेगळे. शंभर कुटुंबांतून सर्वांत चांगली एक निवडून लिहिली, तर ती खरी असूनही चित्र खोटे उभे करते. गुणात्मक संशोधन करणारा चांगला अभ्यासक म्हणूनच मुद्दाम उलटी उदाहरणे शोधतो: योजना असूनही ज्याची मुलगी शाळेत गेली नाही, त्या बापाकडे तो आधी जातो. नवीन काही कानावर येईनासे होईपर्यंत मुलाखती चालू ठेवतो. एका मुलाखतीत पाणी आटोपले, असे त्याचे नसते.

आमच्यासारख्यांची एक खास अडचण आहे. जो माणूस धान्य आणि घोंगड्या वाटतो, त्यालाच "आमच्या कामाचा उपयोग झाला का?" असे विचारायला पाठवले, तर उत्तर काय येणार? "लई झाला, साहेब." लोक खोटारडे नसतात, ते पाहुण्याचा मान राखतात. म्हणून विचारणारा शक्यतो वाटपाशी संबंध नसलेला असावा, बायकांशी बोलायला बाई असावी, आणि बोलणे माडिया, भिली, कोरकू अशा त्यांच्या घरच्या बोलीत व्हावे. मराठीतली "अशक्तपणा" किंवा "ताण" ही नावे तिथे जशीच्या तशी चालत नाहीत.

बाळांच्या मृत्यूची मोजणी तर सर्वांत अवघड. जन्मून तासाभरात गेलेले बाळ पुष्कळदा "मेलेलेच जन्मले" म्हणून लिहिले जाते किंवा मुळीच लिहिले जात नाही. पहिले बाळंतपण माहेरी झाले असेल, तर दोन्ही गावांच्या नोंदवहीत ते नसते. "तुमची किती मुले वारली?" असे थेट विचारले तर आई मान खाली घालते आणि "नाही कोणी" म्हणते.

आपल्या देशात १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होते. लाखो घरांची ती प्रश्नावली, पूर्णपणे आकड्यांसाठी केलेली. पण तिच्यातील प्रश्नांचा क्रम बाईशी बोलण्याची रीत जाणणाऱ्या कोणीतरी लावलेला आहे. आधी विचारतात, तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती. मग दुसरीकडे राहणारे किती. त्यानंतर, जिवंत जन्मून पुढे वारले असे कोणी आहे का. बाई "नाही" म्हणाली, तरी विचारणारी तिथे थांबत नाही. ती आणखी एक प्रश्न हळूच विचारते: जन्मल्यावर रडले, किंवा जिवंत असल्याची काही खूण दिसली, पण जगले नाही, असे एखादे बाळ?