हिरवळीचा धंदा: आधी गुंठे मोजा, मग यंत्र घ्या

पुणे–नगर रस्त्याने कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरपर्यंत जा, किंवा पुणे–सोलापूर रस्त्याने यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ करत दौंड तालुका पार करा. दोन्ही रस्त्यांवर शेताइतकीच हिरवी, पण शेत नसलेली जमीन आता जागोजागी दिसते. लग्नाची लॉन्स, कारखान्यांच्या प्रवेशद्वारामागची हिरवळ, शाळा-महाविद्यालयांची मैदाने, फार्महाऊस आणि प्लॉटिंगच्या वसाहतींतल्या बागा अशी ही जमीन आहे. तिची निगा राखणे हा गेल्या काही वर्षांत गावच्या तरुणांचा छोटा, पण खरा व्यवसाय झाला आहे. कुणी वर्षभराचे देखभालीचे कंत्राट घेतो, कुणी हाऊसकीपिंग एजन्सीच्या हाताखाली काम करतो. धंदा थोडा वाढला की प्रत्येकासमोर एकच प्रश्न येतो: ढकलायची मशीन सोडून मोठे यंत्र घ्यावे का? परदेशातले व्हिडिओ पाहून हल्ली मन ज्यावर बसते ते यंत्र म्हणजे मागच्या फळीवर उभे राहून चालवायचा मोअर. माझे म्हणणे असे की हे यंत्र उत्तम आहे, पण शिरूर-दौंडमध्ये ते घ्यायचे की नाही याचे उत्तर यंत्राच्या गुणांत शोधून सापडणार नाही. ते हातात असलेल्या गुंठ्यांत, त्या गुंठ्यांवरच्या गवतात आणि कंत्राटाच्या मुदतीत आहे.

यंत्राची ओळख आधी करून घेऊ. गवत कापायचे पहिले यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये केले. कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ती कल्पना सुचली होती. त्याच्या यंत्रात गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखी कापत. आजचा सिलिंडर मोअर त्याच जातीचा आहे. दुसरी जात रोटरी मोअरची. त्यात आडवे पाते वेगाने फिरून गवताला तडाखा देऊन कापते. उभ्याने चालवायचा मोअर या दुसऱ्या जातीतला. तो १९९० च्या दशकात अमेरिकेत व्यावसायिक कामासाठी पुढे आला. त्याची मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे फिरतात, त्यामुळे तो जागच्या जागी वळतो. बसून चालवायच्या यंत्रापेक्षा लांबीला कमी असतो, त्यामुळे ३६ इंची यंत्र छोट्या हत्तीच्या हौद्यात मावते. चालवणाऱ्याला पुढची जमीन नीट दिसते, वाटेत कुंडी किंवा पाइप आला तर पटकन खाली उतरता येते आणि उतारावर आपले वजन हवे तिकडे झुकवता येते. दिवसातून पाच-सहा ठिकाणी चढवायचे-उतरवायचे असेल तर या गोष्टी फार मोलाच्या आहेत.

आता गुंठ्यांकडे येऊ. २१ इंची ढकलायच्या मशीनची कापणी साधारण ५३ सेंटिमीटर रुंद असते. माणूस ताशी चार किलोमीटर चालला, तर कागदावर तासाला २,१०० चौरस मीटर होतात. वळणे, एकावर एक येणारे पट्टे आणि पिशवी रिकामी करणे यांत पाव हिस्सा गेला असे धरले, तर हाती सुमारे १६ गुंठे राहतात. म्हणजे एक एकर कापायला अडीच तास. ३६ इंची उभ्या यंत्राची रुंदी ९१ सेंटिमीटर. ताशी आठ किलोमीटरने आणि तेवढीच सूट धरून ते तासाला ५४ गुंठे कापते. म्हणजे एकराला पाऊण तास. एकरामागे पावणेदोन तास वाचले. पावसाळ्याचे चार महिने आठवड्याला एकदा आणि उरलेले आठ महिने पंधरवड्याला एकदा कापणी धरली, तर वर्षाला साधारण ३४ कापण्या होतात आणि एका एकरामागे वर्षाचे ६० तास वाचतात. आठ तासांची मजुरी ६०० रुपये धरली, तर ही बचत ४,५०० रुपयांची झाली. इंधनात मात्र फारसे वाचत नाही. मोठे इंजिन कमी वेळ चालते, पण तासाला पेट्रोलही तितकेच जास्त पिते.

खर्चाची बाजू पाहू. अमेरिकेत अशा व्यावसायिक यंत्राला साधारण आठ ते दहा हजार डॉलर पडतात. त्यावर जहाजभाडे आणि कर वेगळे. तरीही हिशेबासाठी किंमत आठ लाख रुपयेच धरू. दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज ८०,००० रुपये. आठ वर्षांत यंत्र झिजून संपेल असे धरले तर वर्षाची घट एक लाख. मोठ्या यंत्राची दुरुस्ती, पट्टे आणि पाती एका पारड्यात आणि त्यामुळे न घ्याव्या लागलेल्या लहान मशीन दुसऱ्या पारड्यात टाकून ती समान मानू. मग वर्षाचा बोजा १ लाख ८० हजार रुपयांचा उरतो. एकराला ४,५०० रुपयांची बचत म्हणजे हा बोजा फिटायला ४० एकर, अर्थात १,६०० गुंठे हिरवळ वर्षभर हातात हवी. ४० एकर हे यंत्र आठवड्याच्या ३० तासांत कापू शकते, म्हणजे क्षमता अपुरी नाही. अपुरे आहेत ते गुंठे. लग्नाचे एखादे लॉन्स एक-दोन एकरांचे असते. अशी वीस-पंचवीस कंत्राटे मिळाल्याखेरीज गणित जुळत नाही, आणि ती एका ओळीत असायला हवीत. रांजणगावहून न्हावरे-चौफुला मार्गे कुरकुंभला रोज यंत्र नेले, तर वाचलेले तास रस्त्यावरच संपतील.

सगळे गुंठे सारखे नसतात, हेही लक्षात घ्यायला हवे. लग्नाचे लॉन्स आणि कारखान्याची हिरवळ यांचे वर्ष वेगवेगळे चालते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा गवताची वाढ थंडीने मंदावलेली असते. पुढे उन्हाळ्यात ते पायदळी तुडवले जाते आणि विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जगते. गवत जोमाने वाढते ते पावसाळ्यात, म्हणजे नेमके चातुर्मासात, जेव्हा लॉन्सच्या मालकाची कमाई थांबलेली असते आणि कापणीवर पैसे घालायला त्याचा हात आखडतो. शिवाय लग्नानंतरच्या गवतात मांडवाच्या खुंट्या, तारेचे तुकडे, केसांच्या पिना आणि फुटक्या बाटल्यांच्या काचा राहतात. २१ इंची मशीनच्या पात्याचे टोक मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात ताशी सुमारे ३०० किलोमीटरने फिरत असते. त्या तडाख्यात सापडलेली पिनसुद्धा माणसाच्या पायात किंवा डोळ्यात घुसू शकते. पायी चालणाऱ्याला वाटेतली वस्तू दिसून थांबायला वेळ मिळतो, ताशी आठ किलोमीटरने जाणाऱ्याला तितका मिळत नाही. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत चित्र वेगळे आहे. तिथली हिरवळ बारमाही, मोकळी आणि तुलनेने स्वच्छ असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात मोकळ्या जागेवर हिरवाई राखण्याची अट सहसा असते आणि अनेक ठिकाणी प्रक्रिया केलेले सांडपाणी बागेला वापरले जाते. मोठे यंत्र परवडलेच, तर ते इथे परवडेल.

जमीन आणि गवतही आपली अट घालतात. दोन्ही तालुक्यांत काळ्या मातीचे पट्टे आहेत. चालवणाऱ्यासह चार-पाच क्विंटलचे यंत्र ओल्या काळ्या मातीवर फिरले, की चाकोऱ्या पडतात, माती दबते आणि मुळांची हवा कोंडते. पावसाळ्यात, जेव्हा यंत्राची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ते अनेक दिवस उभे ठेवावे लागेल. गवताचे म्हणाल, तर सिलेक्शन वनसारखे हरळीच्या कुळातले गवत अगदी बुटके, गालिच्यासारखे ठेवायचे असेल तर त्याला सिलिंडर मोअरच लागतो. मेक्सिकन गवत दाट आणि चिवट असते, त्याला रोटरी चालतो, पण पाते धारदार हवे. बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. फाटलेली टोके दोन दिवसांत पिवळी पडतात आणि मालकाला वाटते की पाणी कमी पडले. कोणतेही यंत्र घ्या, एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, हा नियम पाळला तरच हिरवळ टिकते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येईल तो मजुरांचा. ६०० रुपयांत माणूस मिळतो कुठे? एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा उन्हात मशीन ढकलायला येत नाही. हे खरे आहे, आणि मजुरी जितकी वाढेल तितके यंत्राचे पारडे जड होईल हेही खरे. रोजंदारी ९०० रुपये धरली, तर तोच हिशेब ४० एकरांवरून २७ एकरांवर येतो. पण २७ एकरसुद्धा थोडे नाहीत. शिवाय माणसांची टंचाई असेल, तर एकाच यंत्रावर विसंबणे अधिकच जोखमीचे ठरते. तीन लहान मशीनपैकी एक बंद पडली, तर काम रखडते. एकच मोठे यंत्र बंद पडले आणि त्याचा हायड्रॉलिक पंप बाहेरून मागवावा लागला, तर कंत्राटच जाते. होंडासारख्या कंपन्यांच्या ढकलायच्या मशीनचे सुटे भाग आणि ते बसवणारा कारागीर पुण्यात सहज मिळतो. उभ्या यंत्राबाबत ही खात्री पैसे देण्याआधी लेखी घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप अगदी उलट्या बाजूचा: खांद्यावरचा ब्रश कटर असताना मोअर हवाच कशाला? बांधावरचे, कुंपणाकडेचे, उंच वाढलेले रान कापायला ब्रश कटरसारखे दुसरे साधन नाही. पण हिरवळीवर तो हाताच्या झोक्याने चालतो, त्यामुळे कुठे गवत मुळापर्यंत खरवडले जाते, कुठे उंच राहते. खरवडलेल्या जागी उन्हाने माती उघडी पडते आणि तिथे तण शिरते. कडांसाठी ब्रश कटर आणि आतल्या जागेसाठी मोअर, ही विभागणी लहान धंद्यालाही पाळावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या अनेक गावांना कमी पावसाची झळ नेहमीची आहे. अशा ठिकाणी हिरवळ असावीच का? भर उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे चौरस मीटरला पाच लिटर आणि एकराला रोज सुमारे २०,००० लिटर. दहा हजार लिटरचे दोन टँकर. ज्या गावात प्यायचे पाणी टँकरने येते तिथे हा खर्च नैतिक प्रश्न उभा करतो, आणि देखभाल करणाऱ्याने तो टाळू नये. उलट, त्याचे सर्वांत मोठे कौशल्य इथेच दिसू शकते. उन्हाळ्यात गवत थोडे उंच ठेवले, तर त्याची मुळे खोल जातात आणि जमीन सावलीत राहून ओल टिकते. कापलेले गवत बारीक करून तिथेच पसरले, तर खतही होते आणि बाष्पीभवनही कमी होते. जिथे कुणी चालत-बसत नाही तिथली हिरवळ काढून स्थानिक झाडेझुडपे लावायचा सल्ला देणारा कंत्राटदार दोन गुंठे गमावतो, पण मालकाचा विश्वास कमावतो. म्हणून यंत्र निवडताना त्याचा वेग पाहण्याआधी कापणीची उंची किती सहज बदलता येते आणि गवत बारीक करून पसरायची सोय आहे का, हे पाहावे.

राहिला मुदतीचा प्रश्न, आणि तो निर्णायक आहे. यंत्र आठ वर्षांत फेडायचे आणि कंत्राट दर वर्षी नव्याने मागायचे, हे जमणारे नाही. या भागाला याचे उदाहरण दूर शोधायला नको. भीमा-पाटससारख्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडणी यंत्र घेणारा माणूस कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार आधी पाहतो आणि सऱ्या यंत्राला पुरेशा रुंद आहेत का हे तपासतो. काम आणि रान दोन्ही यंत्राजोगे असल्याशिवाय ते कोटीच्या घरातले यंत्र उभे राहत नाही. हिरवळीच्या धंद्यालाही हीच शिस्त हवी. कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी आणि लॉन्सच्या मालकांनीही हे समजून घ्यावे. दर वर्षी सर्वांत कमी दराच्या निविदेला काम दिले, तर बोथट पाते आणि विमा नसलेला मजूरच दारात येणार. तीन वर्षांचा करार, चौरस फुटावर ठरलेला दर आणि कामगाराला बूट, चष्मा व कानाचे संरक्षण देण्याची अट, एवढे केले तरी चांगल्या यंत्रात पैसे घालायची हिंमत कंत्राटदाराला येईल.

तेव्हा या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांना सांगणे एवढेच. दहा-पंधरा एकरांपर्यंत दोन चांगल्या २१ इंची रोटरी मशीन, एक ब्रश कटर आणि गरज असेल तर एक सिलिंडर मोअर पुरे आहे. उरलेला पैसा धार लावण्याच्या सोयीवर, सुट्या पात्यांवर आणि माणसांच्या पगारावर घाला. एकाच वसाहतीत तीस-चाळीस एकरांची, किमान तीन वर्षांची कंत्राटे हातात आली, सुट्या भागांची लेखी हमी मिळाली, की उभ्या यंत्राचा विचार करा. एकट्याला तेवढे गुंठे जमत नसतील, तर रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या तिघा-चौघांनी मिळून एक यंत्र घ्या आणि वार वाटून घ्या. तोपर्यंत कर्ज काढून ते दारात आणू नका.