नजरेतून फुटणारा पान्हा

जपानमधल्या अझाबू विद्यापीठात संशोधकांनी काही कुत्र्यांच्या नाकात एका द्रव्याचा फवारा मारला, आणि त्याचा परिणाम कुत्र्यांच्या मालकांच्या लघवीत सापडला.

तुम्ही बरोबर वाचलंत. द्रव्य कुत्र्याला दिलं होतं, मालकाला काहीच दिलं नव्हतं. उलट त्याला बजावून ठेवलं होतं की खोलीत नुसतं बसून राहायचं, कुत्र्याशी बोलायचं नाही, आपणहून त्याला हात लावायचा नाही. सोबत दोन परकी माणसंही बसवली होती. अर्ध्या तासाने तपासणी झाली, तेव्हा ज्या माद्यांना फवारा दिला होता त्यांच्या मालकांच्या शरीरात तेच द्रव्य वाढलेलं निघालं. शब्द नाही, कुरवाळणं नाही. मग हा निरोप एका शरीरातून दुसऱ्या शरीरात पोचला कसा?

डोळ्यांतून! फवारा मिळालेल्या माद्या आपल्या मालकाकडे जास्त वेळ टक लावून बघत राहिल्या. त्या दोन परक्या माणसांकडे नव्हे, आपल्याच माणसाकडे. आणि त्या नजरेनेच मालकाच्या मेंदूला ते द्रव्य स्वतःहून तयार करायला लावलं.

या द्रव्याचं नाव ऑक्सिटोसिन. मेंदूच्या तळाशी तयार होणारं, अवघ्या नऊ अमिनो आम्लांच्या साखळीचं हे संप्रेरक. व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि दोन वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. बाळंतपणात कळा येतात त्या याच्यामुळे. तान्हं बाळ छातीशी आलं की आईला पान्हा फुटतो, तोही याच्यामुळे. बाळाच्या डोळ्यांत बघत बसलेल्या आईच्या शरीरात ते वाढतं, बाळाच्याही शरीरात वाढतं, म्हणून दोघं आणखी बघत राहतात. आणि ही साखळी बाईत जशी, तशीच्या तशी कुत्रीत, गायीत, म्हशीत. दूध चटकन उतरावं म्हणून म्हशींवर ज्या इंजेक्शनचा गैरवापर होतो, ते हेच. तोच रेणू आहे, म्हणून तर ते इंजेक्शन लागू पडतं.

मिहो नागासावा, ताकेफुमी किकुसुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. फवाऱ्याच्या आधी त्यांनी आणखी साधा प्रयोग केला होता. तीस कुत्री आपापल्या मालकांबरोबर अर्धा तास एका खोलीत सोडली, आधी आणि नंतर दोघांचीही लघवी तपासली. ज्या जोड्या एकमेकांकडे बराच वेळ बघत होत्या, त्यांच्यात माणसाचंही ऑक्सिटोसिन वाढलं आणि कुत्र्याचंही. मग माणसांनी हाताने वाढवलेले लांडगे आणले. हेही पिल्लूपणापासून माणसाच्या सहवासात वाढलेले. पण लांडग्यांनी माणसाच्या डोळ्यांत फारसं पाहिलंच नाही, आणि तिथे काही वाढलंही नाही. लांडग्यांच्या जगात रोखून बघणं म्हणजे आव्हान, धमकी. त्याच घराण्यातल्या एका शाखेने ही धमकी मायेच्या भाषेत बदलून टाकली. केवढी मोठी उलथापालथ आहे ही!

कोकिळा आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळी ते पिल्लू आपलंच समजून भरवत राहते, हे आपण शाळेत शिकलो. कुत्र्यानेही काहीसं तेच केलं. आई आणि बाळ यांच्यासाठी घडलेल्या यंत्रणेत त्याने आपलं बिऱ्हाड थाटलं. मात्र कावळीच्या पदरात शेवटी काही पडत नाही. इथे पाहुण्याबरोबर यजमानाच्याही अंगात तेच ऑक्सिटोसिन चढतं. फसवणूक नाही, देवाणघेवाण आहे. मला या साऱ्या संशोधनातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

आणि या देवाणघेवाणीसाठी कुत्र्याचा चेहराही बदलला. २०१९ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या ज्युलियन कामिन्स्की आणि त्यांच्या गटाने कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांचं विच्छेदन करून स्नायू तपासले. जवळपास सगळे स्नायू सारखेच. फरक होता डोळ्यांभोवती. आतल्या बाजूची भुवई वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये ठळक होता, लांडग्यांमध्ये त्या जागी जेमतेम काही तंतू होते. ही भुवई वर गेली की डोळे मोठे, बाळासारखे आणि किंचित रडवेले दिसतात. तुम्ही जेवायला बसल्यावर समोर येऊन बसलेल्या कुत्र्याची जी मुद्रा तुम्हाला घास पुढे करायला लावते, ती या स्नायूची करामत. त्याआधी ब्रिटनमधल्या निवारागृहांतही असंच दिसलं होतं की जी कुत्री भुवई जास्त वेळा उचलतात, त्यांना लवकर घर मिळतं. म्हणजे त्या स्नायूला निवडलं बहुधा आपणच. हजारो वर्षं, पिढ्यानपिढ्या, आपण काय करतोय याची कल्पनाही नसताना.

किती हजारो वर्षं? जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथल्या दगडखाणीत १९१४ साली कामगारांना एक दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. वय सुमारे १४,००० वर्षं. तेव्हा शेती सुरू झालेली नव्हती, गायबैल माणसाळलेले नव्हते. २०१८ मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा समजलं की ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला डिस्टेंपर झाला होता. घरात कुत्रं असणाऱ्यांना हे नाव ऐकूनच धडकी भरते. उलट्या, जुलाब, ताप, शेवटी झटके. दातांच्या आवरणावरच्या खुणा सांगतात की पिल्लाला आजाराचे एकामागून एक झटके आले आणि तरी ते कित्येक आठवडे जगलं. संशोधकांच्या मते कोणी त्याला ऊब दिली नसती, पुसलं नसतं, पाणी पाजलं नसतं, तर ते इतकं टिकणं शक्यच नव्हतं. विचार करा, हिमयुगाच्या अखेरीस, ज्यांना स्वतःच्या पुढच्या जेवणाची खात्री नव्हती त्या माणसांनी, शिकारीला काडीचा उपयोग नसलेल्या आजारी पिल्लाची आठवडेच्या आठवडे शुश्रूषा केली. मग त्याला आपल्या माणसांशेजारी पुरलं. इस्रायलमध्ये ऐन मल्लाहा इथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात तर माणसाचा हात पिल्लाच्या अंगावर ठेवलेला आहे. आपल्याकडे काश्मीरमध्ये बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन दफनांतही माणसांसोबत कुत्री आढळली.

आणि आपल्या गल्लीतली, मालक नसलेली कुत्री? कोलकात्याच्या आयसर या संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने नेमका हाच प्रश्न घेतला. रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना एका अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा येऊन खाऊ दिला, काहींच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला. काही दिवसांनी त्या माणसाजवळ चटकन कोण येऊ लागलं? उकिरड्यावर जगणारं, कायम भुकेलं कुत्रं अर्थातच खाऊवाल्याकडे धावेल, असं आपण पैजेवर सांगू. पण जास्त विश्वास टाकला तो डोक्यावरून हात फिरलेल्यांनी. हे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते वाचल्यापासून मला रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नजरा वेगळ्या दिसू लागल्या आहेत.

आता मुद्द्याचा प्रश्न. या नात्याने माणसाची तब्येत खरोखर सुधारते का?

१९८० मध्ये एरिका फ्रीडमन यांनी अमेरिकेतल्या ९२ हृदयरुग्णांचा अभ्यास छापला. रुग्णालयातून घरी गेल्यावर वर्षभरात कोण जगतं, कोण दगावतं, आणि त्यात माणसाच्या सामाजिक परिस्थितीचा किती वाटा, हे त्यांना पाहायचं होतं. पाळीव प्राण्यांबद्दलचा प्रश्न हा प्रश्नावलीतला एक मुद्दा होता. निकाल असा आला की ज्यांच्या घरी प्राणी नव्हता अशा ३९ जणांपैकी ११ दगावले, आणि ज्यांच्या घरी होता अशा ५३ जणांपैकी फक्त ३. पुढे २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ४० ते ८० वयाच्या ३४ लाख माणसांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकट्या राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांना मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला.

इथे चोखंदळ वाचक हात वर करील, आणि केलाच पाहिजे. जो मुळात धडधाकट आहे, ज्याच्या घरात पैसा आहे, तोच कुत्रा पाळतो असं नसेल कशावरून? शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या हजारो कुटुंबांच्या अभ्यासात प्राणी असलेल्या घरांतली मुलं आधी जास्त निरोगी दिसली, पण कुटुंबाचं उत्पन्न वगैरे बाबी हिशेबात धरल्यावर तो फरक उरलाच नाही. हा निकालही २०१७ चाच. म्हणून ‘कुत्रा पाळा, आयुष्य वाढवा’ असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं तर तिथेच थांबवा.

मग खरं-खोटं करायचं कसं? चिठ्ठ्या टाकून. कोणाला प्राणी मिळणार हे पैसा किंवा प्रकृती नव्हे, नशीब ठरवेल. कॅरन ॲलन यांनी हेच केलं. न्यूयॉर्कमधले ४८ शेअर दलाल निवडले, सगळे उच्च रक्तदाबाचे. सगळ्यांना रक्तदाबाची एकच गोळी सुरू केली आणि निम्म्यांना चिठ्ठीने कुत्रा किंवा मांजर घ्यायला सांगितलं. सहा महिन्यांनी त्यांना मुद्दाम ताण दिला: तोंडी गणितं करा, अवघड प्रसंगातून बोलून बाहेर पडा. शांत बसलेले असताना गोळीने दोन्ही गटांचा रक्तदाब उतरवला होता. ताण आल्यावर मात्र नुसत्या गोळीवर असलेल्यांचा रक्तदाब उसळला, आणि प्राणी असलेल्यांचा त्या मानाने पुष्कळच कमी चढला. गोळीला जे जमलं नाही, ते मांजराला जमलं!

इथपर्यंत सगळं श्रेय त्या मायाळू नजरेला आणि मऊ अंगाला द्यावंसं वाटतं. पण दक्षिण कोरियातला एक प्रयोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ६५ वर्षांवरचे ९४ जण घेतले. निम्म्यांना आरोग्याचा सल्ला दिला. उरलेल्यांना सल्ल्यासोबत एक पिंजरा दिला, आणि त्यात पाच रातकिडे.

हो, रातकिडेच! जे डोळ्यांत बघत नाहीत, शेपूट हलवत नाहीत, हाक मारली तर येत नाहीत. आठ आठवडे त्यांना खाणं-पाणी द्यायचं, त्यांचं घर साफ ठेवायचं, रात्री त्यांची किरकिर ऐकायची, एवढंच काम. आठ आठवड्यांनी रातकिडे सांभाळणाऱ्यांमधली नैराश्याची लक्षणं दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली होती. परिणाम फार मोठा नव्हता, अनेक मोजमापांत फरक दिसलाही नाही. पण दिसला तो आला कुठून? रातकिड्याने तर त्या आजी-आजोबांवर प्रेम केलं नव्हतं. मला याचं एकच उत्तर पटतं: सकाळी उठल्यावर कोणीतरी आपल्या भरवशावर आहे, ही जाणीव. प्राणी आपल्याला काय देतो हे आपण मोजत बसलो, आणि आपण त्याला जे देतो तेच कदाचित निम्मं औषध असावं. त्या हिमयुगातल्या आजारी पिल्लापाशी बसलेल्या माणसाला ते आधीच कळलेलं असेल का?

आणखी एक शोध मात्र दुसऱ्या बाजूचा आहे. स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठात २०१९ मध्ये ५८ कुत्र्यांचे आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले. शरीरात ताण वाढला की कॉर्टिसॉल वाढतं, आणि वाढणाऱ्या केसात त्याची महिन्यामहिन्यांची नोंद साठत जाते. ज्या बाईच्या केसात ताण जास्त, तिच्या कुत्र्याच्या केसातही जास्त. उन्हाळ्यात तसंच, हिवाळ्यातही तसंच. संशोधकांचा निष्कर्ष असा की हा ताण बहुधा माणसाकडून कुत्र्याकडे जातो. जो रस्ता माया नेतो, त्याच रस्त्याने आपली चिंता, आपले वाद, आपली झोप उडालेल्या रात्रीही त्याच्यापर्यंत पोचतात.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये सगळा पुरावा चाळून म्हटलं की प्राणी, विशेषतः कुत्रा पाळल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा. पण केवळ तेवढ्यासाठी प्राणी घरी आणू नये. माझंही मत तेच. कुत्रं दहा-पंधरा वर्षं जगतं. घरात मुलांचा हट्ट आहे म्हणून, किंवा गावी एकट्या राहणाऱ्या वडिलांना सोबत हवी म्हणून पिल्लू आणायचा बेत असेल, तर आधी त्याला फिरवायला, डॉक्टरकडे न्यायला, लसी टोचून घ्यायला रोज कोण मोकळं असणार हे घरच्यांनी बसून ठरवा. वडिलांना ते झेपणार नसेल तर अंगणात पक्ष्यांसाठी दाणा-पाणी ठेवायचं काम त्यांच्याकडे द्या. आणि झेपणार असेल, तर विकत घेण्याआधी एकदा जवळच्या निवारागृहात जाऊन या.