तेच पाप पुन्हा पुन्हा घडत असेल तर विश्वासणाऱ्याने काय करावे?

थोडक्यात उत्तर: पुन्हा प्रभूकडे यावे, आणि लवकर यावे. विश्वासूपणा म्हणजे कधीच न पडणे नव्हे. पडल्यावर पाप न लपवणे आणि त्याच्याशी लढत राहणे, हा विश्वासूपणा आहे. पेत्राच्या जीवनात हे स्पष्ट दिसते.

पेत्र कुठे पडला?

शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्राने येशूबरोबर मरण्याचीही तयारी दाखवली. पण गेथशेमाने येथे जागे राहून प्रार्थना करायला सांगितले असताना तो झोपी गेला (मत्तय 26:40-41). काही तासांनी मुख्य याजकाच्या अंगणात, शेकोटीजवळ, एका दासीने ओळखताच त्याने प्रभूला नाकारले. असे तीनदा घडले. वरवर पाहता हे खोटे बोलण्याचे पाप होते. त्याच्या मुळाशी होती माणसांची भीती.

पुनरुत्थानानंतर येशूने सरोवराच्या काठी, विस्तवाजवळच, त्याला तीनदा विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस का, आणि आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवली (योहान 21).

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही लोक आले तेव्हा तो त्यांना भिऊन मागे सरला. पुन्हा तीच भीती! पौलाने त्याला सर्वांसमोर त्याची चूक दाखवली (गलती. 2:11-14). पवित्र आत्मा मिळालेल्या प्रेषिताचीही जुनी दुर्बलता पूर्ण गेली नव्हती. म्हणून आपली झुंज अजून चालू आहे, एवढ्यावरून आपला विश्वास खोटा ठरत नाही.

खंत आणि पश्चात्ताप यांत फरक काय?

यहूदालाही खंत वाटली. त्याने चांदीची 30 नाणी परत केली, पण तो येशूकडे परतला नाही (मत्तय 27:3-5). पेत्रही रडला, मात्र काठावर प्रभू आहे हे कळताच त्याने पाण्यात उडी टाकली. खंत माणसाला स्वतःतच कोंडून ठेवते, पश्चात्ताप त्याला देवाकडे वळवतो.

व्यवहारात काय करावे?

1. पापाचे नाव घेऊन ते देवाजवळ कबूल करा. क्षमा करण्यास तो विश्वासू आहे (1 योहान 1:9).
2. मूळ शोधा. खोटेपणामागे भीती, रागामागे दुखावलेला अभिमान, तर रात्री मोबाईलवर नको ते पाहण्यामागे एकटेपणा असू शकतो.
3. संधी तोडा. मोह येण्याआधीच प्रार्थना करा आणि झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.
4. एका विश्वासू व्यक्तीला सांगा (याकोब 5:16). पेत्राला पौलाची गरज पडली, तशी आपल्यालाही कोणाची तरी पडते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असाच आहे.
5. कोणाचे नुकसान केले असेल तर जक्कयाप्रमाणे भरपाई करा (लूक 19:8).
6. केवळ स्वतःच्या निर्धारावर विसंबू नका. निर्धार पेत्राकडेही होता. रोज पवित्र आत्म्याच्या साहाय्याने चाला (गलती. 5:16).

मग पाप केले तरी चालेल का?

मुळीच नाही. कृपा ही पापाची मोकळीक नव्हे (रोम. 6:1-2). ज्याला पापाचे काहीच वाटत नाही, त्याने सावध व्हावे. पण ज्याला लाज वाटते, त्याने दूर राहू नये. पेत्र पडण्याआधीच येशूने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती आणि तो परत येईल हे गृहीत धरले होते (लूक 22:32).