निकाहची फी : आधी बोला, मग पढवा

खुतबा झाला, इजाब-कबूल झाले, दुआ झाली, खारका वाटल्या गेल्या. मंडपात मुबारकबादीचा गलका सुरू असतो आणि एका कोपऱ्यात नवऱ्या मुलाचे मामा मौलवीसाहेबांच्या हातात हळूच पाकीट ठेवतात. मौलवीसाहेब ते न उघडता खिशात घालतात. घरी येऊन पाहतात, तर रिक्षाभाड्यापुरतीच रक्कम. याच्या उलटही घडते. काझीसाहेब वहीवर सही करण्यापूर्वी आकडा सांगतात आणि मुलीचा बाप भावाच्या तोंडाकडे पाहू लागतो. दोन्ही ठिकाणी चूक एकच. दर आधी ठरलेला नसतो.

आपण व्यापारी आणि कारागीर माणसे. शिलाई न ठरवता शेरवानीचे कापड शिंप्याच्या हाती देत नाही. मंडपवाला, बावर्ची, फोटोग्राफर यांना इसार देऊन मोकळे होतो. ज्याच्या वहीवर उभ्या आयुष्याचा दस्तऐवज तयार होतो, त्याच्याशी मात्र पैशाचे बोलायला आपल्याला संकोच वाटतो आणि त्यालाही वाटतो. हा संकोच दोघांनाही महाग पडतो.

मोबदला घ्यावा काय?

निकाहला दोन साक्षीदारांसमोर इजाब-कबूल लागते, मेहर लागतो. काझी हजर असलाच पाहिजे, अशी शरियतची अट नाही. मग पैसे कशाचे? दुआचे नव्हेत. दुआला किंमत लावता येत नाही. पैसे आहेत ते वेळेचे, प्रवासाचे, लिखापढीचे आणि जबाबदारीचे. दीनी कामाचा मोबदला घेण्यास जुने हनफी फकीह राजी नव्हते. बैतुलमालमधून मिळणारे वेतन बंद झाल्यावर इमामत आणि कुरआन शिकवणे यांसाठी नंतरच्या उलेमांनी वेतन जायज ठरवले. मोबदल्याच्या व्यवहाराचा नियम मात्र सगळीकडे एकच. काम आणि मजुरी दोन्ही आधी माहीत हवीत, म्हणजे झगड्याला जागा राहत नाही.

आपल्या दख्खनेत काझीला पूर्वी वतन असे, इनाम जमीन असे. गावाकडून येणारा नजराणा ही वरकड मिळकत होती. इंग्रज सरकारने 1864 च्या कायद्याने सरकारी काझी नेमणे थांबवले आणि 1880 च्या काझी कायद्याने पुन्हा नेमणुकीची मुभा दिली. त्याच कायद्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट आहे की, निकाहच्या वेळी असा काझी हजर असणे बंधनकारक नाही आणि हे काम करण्यास इतर कोणाला मनाईही नाही. म्हणजे हा कोणाचा मक्ता नाही. इनाम गेले, नजराण्याची रीत तेवढी उरली. आज निकाह पढवणारा बहुधा मशिदीचा इमाम असतो. तुटपुंज्या पगारावर त्याचे घर चालते.

हिशेब कसा मांडावा?

दुकानात मालाची किंमत काढतो तसाच. समजा, निकाह शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. जाण्या-येण्याचे 150 रुपये. निकाहनाम्याची पाने व झेरॉक्स 50. अर्धा दिवस मोडला, त्याची मजुरी कसबी कारागिराच्या मजुरीने धरली तर 500. संध्याकाळची अरबीची शिकवणी बुडाली, तिचे 100. बेरीज 800 रुपये. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावच्या भावाने ते बदलून घ्यावेत. पण बेरीज करून तर पाहा! लाखांच्या लग्नात 200 रुपयांचे पाकीट देणाऱ्याला आणि अर्ध्या तासाचे 5,000 मागणाऱ्यालाही ती आरसा दाखवील.

खोळंब्याचेही आधीच बोलून ठेवावे. निकाहची वेळ दोनची आणि वरात पोहोचते चारला, हे नेहमीचेच. तासाभरापेक्षा जास्त थांबावे लागल्यास किती, हे सांगून ठेवले की वरातही वेळेवर निघते.

सहीची जोखीम

निकाह पढवणाऱ्याच्या सहीला आज कायद्याचे वजन आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा, 2006 नुसार मुलगी 18 आणि मुलगा 21 वर्षांचा असावा लागतो. बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा बालविवाह नाही असे मानण्यास आपल्याजवळ कारण होते, हे त्यालाच सिद्ध करावे लागते. म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आदल्या दिवशी पाहून त्याची प्रत ठेवणे हा कामाचाच भाग आहे. वय कमी असेल तर कितीही फी मिळो, नकार द्यावा.

महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद 90 दिवसांत निबंधकाकडे करायची असते. त्यासाठी तीन साक्षीदार लागतात. तेथे निकाहनामा पुरावा म्हणून जातो. कोकणातल्या कुटुंबांना हे सांगायला नको. मुलगा आखातात, बायकोच्या व्हिसासाठी कागद हवेत, आणि निकाहनाम्यावर नावाचे स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरे! मग खेपांवर खेपा. नाव पासपोर्टवर पाहून लिहिणारा काझी दोनशे रुपये जास्त घेत असेल, तरी तोच स्वस्त पडतो.

चार नियम

पहिला, दर सर्वांना एकच असावा आणि मशिदीच्या किंवा जमातीच्या फलकावर लावलेला असावा. मंडपाची रोषणाई पाहून आकडा बदलू नये.

दुसरा, फी मेहरच्या टक्क्यावर ठेवू नये. तसे केले की फी वाचवण्यासाठी मेहरच कमी लिहिला जातो आणि नुकसान मुलीचे होते.

तिसरा, काझीला ज्याने बोलावले त्याने पैसे द्यावेत. मुलाकडच्यांनी बोलावून बिल मुलीच्या बापापुढे सरकवणे हा उघड अन्याय आहे.

चौथा, जमातीची वर्गणी वेगळी आणि पढवणाऱ्याची फी वेगळी. दोन्हींच्या पावत्या वेगळ्या द्याव्यात. नाहीतर देणाऱ्याला वाटते सगळे मौलवीसाहेबांनी घेतले, आणि मौलवीसाहेबांच्या हाती काहीच पडलेले नसते. पक्षांना निकाहनाम्याच्या प्रती फीमध्येच मिळाव्यात. पैशासाठी प्रत अडवून ठेवणे शोभत नाही.

गरिबाचे काय?

हमालाच्या, विधवेच्या घरचा निकाह पैशावाचून अडता कामा नये. पण त्याचा भार एकट्या इमामावर टाकणे हीही खैरात नव्हे. जमातीने अशा निकाहांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी आणि इमामाला ठरलेली फी तिच्यातून द्यावी. बाजारातल्या दहा दुकानदारांनी मनावर घेतले तर वर्षभराची सोय सहज होईल. ठरलेल्या दरावर कोणी खुशीने जास्त दिले तर तो हदिया. तो मागायचा नसतो.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण कारखान्यात एकमेकांना ऐकवतो. ती मंडपातही लागू आहे. पुढच्या लग्नाची तारीख धरताना मौलवीसाहेबांकडे जा, फी विचारा, कागदावर लिहून घ्या. मौलवीसाहेबांनीही मान खाली न घालता आकडा सांगावा. ज्या मजलिसीत दोन घरे जोडली जातात, तेथून कोणीही मनात खंत घेऊन उठू नये.